किल्ल्या दिल्यात, कोठी दाखवलीत का?

पत्र

मॅडम, नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते पाचवी, पट ६४, शिक्षक दोन. मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते. धाकटा मुलगा पाचवी पास होऊन शेजारच्या गावच्या शाळेत गेला, त्यामुळे मी आता इथली पालक नाही. जुलैच्या पालकसभेत नवी समिती निवडली गेली. नऊ पालकांपैकी आठ जण पहिल्यांदाच आलेत. अध्यक्ष झालेली पोरगी २७ वर्षांची आहे, बारावीपर्यंत शिकलेली, मला काकू म्हणते. पहिल्या सभेला तिच्याऐवजी तिचा नवराच येऊन बसला. उपाध्यक्ष बाई आणि आणखी तिघं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. एक तरुण सदस्य हुशार आहे, पण तो वर्गाच्या खिडकीतून मोबाईलवर शूटिंग करून गावच्या ग्रुपवर टाकतो.

सगळे मलाच फोन करतात. सरही म्हणतात, "ताई, तुम्ही होता तेव्हा बरं होतं." आता समितीत शिक्षणतज्ज्ञाची एक जागा असते, तिथे मला घ्यायचं चाललंय. मी दहावी शिकलेली, मी कसली तज्ज्ञ? पण नाही म्हटलं तर हे लोक बुडतील असंही वाटतं.

माझ्याकडे २०० पानी वही आहे. दोन वर्षांत जे जे कळलं ते सगळं तिच्यात लिहिलंय. ती नव्या अध्यक्षाला द्यावी का? एक अडचण आहे. पहिल्या वर्षी मी न वाचता एका व्हाउचरवर सही केली होती. बिलात पाण्याची टाकी २,००० लिटरची, आणि शाळेत आली १,००० ची. मला कळलं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. मी कुणालाच बोलले नाही. वहीत ते लिहिलेलं आहे.

नव्या लोकांच्या पाठीशी उभं कसं राहायचं ते सांगा. छापलं तरी चालेल, फक्त गावाचं नाव नको.

— एक माजी अध्यक्ष

उत्तर

ताई,

आपल्याकडे काही सासवा मोठ्या कौतुकानं सुनेच्या कमरेला किल्ल्या अडकवतात आणि कोठीघराच्या दारात स्वतः पाट मांडून बसतात. सून बिचारी पुरणाची डाळ काढायलासुद्धा विचारूनच आत जाते. तुम्ही तशा आहात असं मी म्हणत नाही. तशा असतात तर हे पत्रच लिहिलं नसतं. पण ती तज्ज्ञाची जागा म्हणजे तो पाट आहे. ती घेऊ नका.

तुमचं शिक्षण कमी पडतं म्हणून मी हे सांगत नाहीये. मी ३२ वर्षं खात्यात काढली, शेवटची काही वर्षं केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारी होते, आणि तज्ज्ञ म्हणून कागदावर बसलेली कितीतरी माणसं पाहिली, ज्यांना शाळेचा पट विचारला तर मुख्याध्यापकांच्या तोंडाकडे बघावं लागायचं. तुम्ही त्यांच्यापेक्षा शंभर पटीनं तज्ज्ञ आहात. अडचण तुमच्या बसण्याची आहे. तुम्ही खोलीत असलात की नवी अध्यक्ष बोलण्याआधी तुमच्याकडे पाहील. सर तुमच्याकडे पाहून बोलतील. तुम्ही मान हलवलीत की ठराव झाला. वर्षभरात त्या पोरीला सही कुठे करायची एवढं कळेल, का करायची ते कळणार नाही. ती जागा गावातल्या निवृत्त शिक्षकाला द्या, अंगणवाडी ताईंना द्या, जो कुणी शाळेजवळ राहतो त्याला द्या. तुम्ही बाहेर राहा. फोन उचला, पण आत जाऊ नका.

"सर म्हणतात तुम्ही होता तेव्हा बरं होतं" हे वाक्य मला थोडं खटकलं, तेही सांगते. सर वाईट असतील असं नाही. दोनशिक्षकी शाळेतला मुख्याध्यापक म्हणजे अर्धा कारकून. ऑनलाइन माहिती भरा, फोटो पाठवा, निवडणुकीची कामं करा आणि उरलेल्या वेळात दोन-तीन वर्ग एकत्र शिकवा. त्याला ओळखीची सही करणारं माणूस हवंच असतं. मला माहीत आहे, कारण मीही त्या खुर्चीत बसले आहे. मी मुख्याध्यापक असताना रजिस्टरवर पेन्सिलनं बारीक फुल्या मारून ठेवायची. सदस्य आले की, "इथे, इथे आणि इथे." चहा होईपर्यंत बारा सह्या व्हायच्या. पुढे त्या फुल्या मी खोडरबरानं पुसायची सुद्धा. एकदा एका बाईंनी विचारलं, "बाई, ही फुली कशाची?" मी म्हटलं, "तुमची." त्या हसल्या आणि सही केली. मीही हसले. ते आठवलं की आज कसंतरीच होतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मध्ये ही समिती आहे. तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आईबाप, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, आणि वंचित-दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कामं मुख्य तीन दिलीत: शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं, आणि आलेलं अनुदान कुठे गेलं ते पाहणं. मी ते कलम कितीदा वाचलंय, त्यात 'सही करणे' असं काम कुठेही लिहिलेलं नाही. माझ्या माहेरी, साताऱ्याकडे, म्हातारी माणसं अजून गावच्या शाळेला 'बोर्डाची शाळा' म्हणतात. शाळा चालवणारं ते बोर्ड जिल्ह्याच्या गावी असायचं. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ते गेलं. त्या बोर्डाचे मेंबर कोण हे आमच्या आजीनं कधी पाहिलं नाही. आता मेंबर म्हणजे शेजारच्या अंगणात भांडी घासणारी बाई. एवढं अंतर कमी झालंय, ते पेन्सिलच्या फुलीवर वाया घालवू नये.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते. नव्या अध्यक्षाला सांगा, पुढची सभा ऑफिसात घेऊच नको. सत्कार, शाल, नारळ झाले असतील ते झाले. सगळ्यांनी मिळून शाळेची फेरी मारायची. संडासाचं दार उघडायचं, नळ सोडून बघायचा, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुठे आहे ते विचारायचं, भांडारात जायचं, स्वयंपाकघरात जायचं. ज्याला जे कळतं ते त्यानं बघायचं. समितीत गवंडीकाम करणारा कुणी असेल तर तो भिंतीकडे नजर टाकूनच सांगेल की गळती पत्र्याची नाही, पन्हाळीची आहे. या लोकांना 'प्रशिक्षण' द्यायच्या आधी त्यांना काय येतं ते बघायला हवं. केंद्रावर एक दिवसाचं प्रशिक्षण होईल, पुस्तिका मिळेल. ते करावंच. पण मी जे शिकले ते एका स्वयंपाकघरात.

माझ्या केंद्रातली एक शाळा. समितीवर नव्यानं आलेल्या एक मावशी होत्या. लग्नकार्यात आचाऱ्याच्या हाताखाली काम करायच्या. लिहिता-वाचता बेताचं, सही करता यायची तेवढीच. मी भेटीला गेले तेव्हा त्या चवीच्या पाळीवर आल्या होत्या. मुलांना वाढायच्या आधी मोठ्या माणसानं जेवण चाखून चव नोंदवहीत लिहायचं असतं ना, तेच. हजेरी होती ४८. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ४ किलो ८०० ग्रॅम. रजिस्टरला तेवढाच खर्ची पडलेला. मावशींनी वही उघडलीसुद्धा नाही. पातेल्यात डोकावल्या, उलथन्यानं भात कडेला सारला आणि म्हणाल्या, "हा भात चार किलोच्या वर न्हाई."

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. माझ्याही मनात नको ते आलं. मावशी मात्र कुणावर काही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गोणी तोलू." गोणी टांगायचा काटा मागून आणला. ५० किलोची म्हणून आलेली, शिलाई न उसवलेली गोणी ४६ किलोच्या आसपास भरली. दुसरीही तशीच. मग उलगडा झाला. धान्य उतरवून घेताना वजन होतच नव्हतं. गोण्या मोजल्या जायच्या आणि पावतीवर सही व्हायची. महिनाअखेर तांदूळ पुरावा म्हणून स्वयंपाक करणाऱ्या बाई रोज अर्धा-पाऊण किलो कमी घालत होत्या आणि रजिस्टर नियमाप्रमाणे लिहिलं जात होतं. मुख्याध्यापकांना सगळं माहीत होतं. पुरवठादाराशी एकट्यानं वाद घालायची त्यांची छाती नव्हती, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मागे कुणी नसलं की भले भले गप्प बसतात. त्या महिन्यात समितीनं ठराव केला: वजन केल्याशिवाय पावतीवर सही नाही. तो ठराव जोडून मुख्याध्यापकांनी पंचायत समितीला पत्र दिलं. पुढच्या खेपेला गोण्या पूर्ण भरल्या. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा दीड किलोची खोट आली, पण तोवर काटा शाळेतच येऊन बसला होता.

हा प्रसंग नव्या अध्यक्षाला सांगा, आणि सरांनाही सांगा. सरांना विशेष करून. समितीनं प्रश्न विचारला की आपल्यावर संशय घेतला असं मुख्याध्यापकांना वाटतं. त्या दिवशी मावशींनी विचारलं नसतं तर ऑडिटमध्ये अडकला असता तो तोच मुख्याध्यापक.

कागद. शाळेत रजिस्टरांचा ढीग असतो, नवा माणूस तो पाहूनच घाबरतो. पहिल्या तीन महिन्यांत तीनच गोष्टी बघायच्या: सभेची इतिवृत्त वही, पासबुकाशेजारी ठेवलेलं कॅशबुक, आणि साठ्याची नोंदवही. बाकी नंतर. विषयपत्रिकेतला पहिला विषय नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' असा असतो. त्यातलं 'वाचून' तेवढं सगळीकडे गळतं. ते मोठ्यानं वाचायला लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकता येतं. शेवटच्या ठरावाखाली आडवी रेघ मारायची आणि रेघेला चिकटून सह्या करायच्या, मध्ये कोरी जागा ठेवायची नाही. आणि 'ऐनवेळचे विषय' हा जो तळाचा मथळा असतो, त्यात पैशाचा विषय घ्यायचा नाही. झाडं लावायची, सहल काढायची, ते खुशाल घ्या. खर्च असेल तर पुढच्या सभेला, आधी कळवून. या एका सवयीनं निम्मे घोळ थांबतात, असा माझा अनुभव आहे.

पैसा फार नसतो, म्हणून तर तो डोळ्यांसमोर राहू शकतो. तुमचा पट ३१ ते १०० मध्ये बसतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून अशा शाळेला वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत संयुक्त अनुदान असतं, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांची मान्यता लागते. ही रक्कम अनेकदा उशिरा, मार्चच्या तोंडावर येते, आणि मग चार दिवसांत खर्च दाखवायची घाई होते. सही न वाचता होते ती अशाच घाईत. त्यावर उपाय एकच, पैसे यायच्या आधी काय घ्यायचं ते ठरलेलं असावं: वस्तू, माप, दुकान, अंदाजे किंमत. व्हाउचरवर सही करायची ती वस्तू शाळेत आल्यावर, तिचं माप बघून आणि ती साठा नोंदवहीत चढल्यावर. हे तुम्हाला मी शिकवायला नको. टाकीनं शिकवलंय.

नवऱ्याचा प्रश्न नाजूक आहे. "तू का आलास?" असं चारचौघांत विचारलंत तर त्याचा राग घरी त्या पोरीवर निघेल. आधी सभेची वेळ बघा. सर म्हणतील अकरा वाजता, कारण ते त्यांना सोयीचं. त्या वेळी बाई रानात असते. तिच्या सोयीची वेळ धरा आणि बाजारचा दिवस टाळा. मग नवऱ्याला काम द्या, खरंखुरं काम: धान्याची गाडी येईल तेव्हा गोण्या उतरवून तोलायला दोन दणकट माणसं लागतात, त्यातला एक तू. खुर्चीपेक्षा काट्याजवळ त्याचा मान जास्त राहील आणि तो शाळेचा शत्रूही होणार नाही. सभेत मात्र इतिवृत्तावर हजर म्हणून अध्यक्षाचंच नाव आणि तिचीच सही. ती आली नसेल तर अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष, तिचा नवरा नाही. हे सरांनी सांगायचं, तुम्ही नाही. सदस्य सचिव ते आहेत.

पहिल्या दोन सभांच्या आदल्या संध्याकाळी तिला तुमच्या ओट्यावर बोलवा. एक विषय निवडा आणि तो ती कशी मांडेल ते तिच्या तोंडून वदवून घ्या. "सर, हिशोब द्या" आणि "सर, हे बिल मला समजावून सांगता का?" या दोन वाक्यांतला फरक तिला सांगा. दुसऱ्या वाक्यानं सर खुर्ची पुढे ओढतात. आणि तिला हेही सांगा की "मला आत्ता कळलं नाही, मी उद्या सही करते" असं म्हणता येतं. कायद्यानं येतंच, पण ते कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणून दाखवावं लागतं. मला नोकरीत हे वाक्य जमायला अकरा वर्षं लागली.

शूटिंगवाल्या पोराला थांबवाच. तो चुकीच्या हेतूनं करत नसेल, पण लेकरांचे चेहरे गावभर फिरतात आणि शिकवणारा माणूस खिडकीकडे बघत शिकवायला लागतो. समितीनं शाळेवर लक्ष ठेवायचं म्हणजे वर्गात घुसून गुरुजींची तोंडी परीक्षा घ्यायची असं नव्हे. त्याच्या मोबाईलला दुसरं काम द्या. यूडायस म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी नोंद, तिच्यात प्रत्येक शाळेला ११ अंकी क्रमांक असतो. तो टाकला की शाळेचं माहितीपत्रक उघडतं: पट किती, शिक्षक किती, खोल्या किती, स्वच्छतागृह वापरात आहे की नाही. ते त्यानं उघडावं आणि शाळेच्या फेरीत जे दिसलं त्याच्याशी ताडून बघावं. कागदावर 'चालू' आणि दाराला कुलूप असं काही सापडलं तर ते ग्रुपवर टाकायचं नाही, सभेच्या विषयपत्रिकेवर घालायचं. हुशार पोरांना असलं काम आवडतं. आणि एक, ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळायचे ते, ठरते. कुणाचं आधार अडलंय, कुणाचं नाव जुळत नाही, हे घरोघर जाऊन निस्तरायला त्याच्यासारखा दुसरा माणूस नाही.

आता ऊसतोड. पत्र वाचून मला सगळ्यांत काळजी वाटली ती याची. चार सदस्य दसऱ्यानंतर कोयत्यावर जाणार, म्हणजे नऊ पालकांतले चार. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असेल, मुकादमाचा ट्रॅक्टर आला की निघावंच लागतं. आणि शाळा विकास आराखडा व्हायचा असतो आर्थिक वर्ष संपायच्या निदान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरात. तेव्हा ही माणसं कारखान्यावर, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत. मग आराखडा मागे राहिलेल्यांचा होतो. ज्यांच्या मुलांची शाळा सर्वांत आधी सुटते, त्यांचंच त्यात काही नसतं.

म्हणून तुमच्या गावाला सरकारी तारीख चालायची नाही. आराखड्याचं बोलणं दसऱ्याच्या आत उरका. तो तीन वर्षांचा असतो, पण घाबरू नका, पहिल्या वर्षाचे चार-पाच मुद्दे खरे असले तरी पुष्कळ. त्यातला मोठा खर्चाचा मुद्दा, समजा संरक्षक भिंत किंवा पाण्याची जोडणी, २५,००० मध्ये बसत नाही. तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात जायला हवा. १५ ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आहे, त्यानंतर २ ऑक्टोबरची. ग्रामसभेच्या आधी महिला सभा व्हावी लागते. तुमच्या समितीत निम्म्या बायका आहेत, त्या तिथे एकत्र उठून बोलल्या तर सरपंचांना तो विषय ग्रामसभेत टाळणं अवघड जातं. आणि तिथे तुम्ही नक्की जा. ग्रामसभेत तुम्ही सदस्य आहातच, कुणाची जागा अडत नाही.

उपाध्यक्ष बाई जाण्याआधी एक काम त्यांच्याच हातानं व्हावं. गावात आजी-आजोबांकडे मागे राहणाऱ्या मुलांची यादी. हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे ऊसतोडीच्या काळात या मुलांची सोय करण्याचा, प्रस्ताव त्या यादीवर उभा राहतो. कोण खरंच मागे राहणार, कोणाचं कडेवरचं भावंड सांभाळायला बरोबर नेणार, हे सरांना माहीत नसतं, त्यांना असतं. यादीत खोटं नाव घुसू नये आणि खरं सुटू नये. त्या गेल्यावर त्यांचं पद काढून घ्यायची भाषा कुणी केली तर ऐकू नका. महिन्याच्या सभेआधी फोन लावायचा, विषय सांगायचे, त्यांचं मत इतिवृत्तात लिहायचं. उसाच्या फडातून दहा मिनिटं बोलता येतं. रात्री आठनंतर लावा, त्याआधी चूल पेटलेली असते.

राहिली तुमची वही.

तुमच्या पत्रात बरेच प्रश्न आहेत, पण मला वाटतं तुम्ही ते सगळे टाकीच्या भोवती रचलेत. वही द्यायची तर ते पान दिसणार. नाही द्यायची तर नव्या लोकांना मदत करायची म्हणजे स्वतः समितीत जाऊन बसणं आलं. तुम्हाला तज्ज्ञाच्या जागेचा मोह थोडा त्यातूनही झाला असेल. रागावू नका, मी माझ्या फुल्या तुम्हाला आधी सांगितल्यात.

वही द्या. अख्खी द्या. पण नुसती हातात ठेवून येऊ नका. त्या पोरीला घेऊन टाकीपाशी जा. टाकीवर लिटर छापलेले असतात, ते तिला वाचायला सांगा. मग ते पान उघडा आणि काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा: कोणत्या महिन्यात, किती घाईत, कोण समोर उभं होतं, तुम्ही पेन कसं उचललंत. तिला दुसऱ्या कुणाकडून, दोन वर्षांनी, गावच्या पारावर कळण्यापेक्षा हे बरं. त्यानंतर सरांशीही बोला, दोघी मिळून. बिल काढणाऱ्यानं चूक केली की दुकानदारानं, हे तुम्हाला नक्की माहीत नाही, तेव्हा आरोप करू नका. एवढंच विचारा की साठा नोंदवहीत किती लिटरची टाकी चढली आहे. उत्तर काहीही आलं तरी नव्या समितीनं ते इतिवृत्तात घ्यावं. त्यातून तुमच्यावर काही आलंच तर ते सोसावं लागेल. तुमची सही आहे, आणि ती तुमची नाही असं मी म्हणू शकत नाही. पण मागच्या समितीची चूक मागच्याच अध्यक्षानं येऊन नोंदवली असं आमच्या अख्ख्या केंद्रात माझ्या काळात एकदाही झालं नव्हतं, आणि तुमच्या सरांनीही ते कधी पाहिलं नसावं.

काट्याचं बघून ठेवा. किराणा दुकानातला १० किलोचा चालणार नाही, गोणी टांगता येईल असा हवा. कापूस किंवा मका घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे असतो. धान्य यायच्या दिवशी मागून आणायचं म्हटलं तर तो नेमका त्याच दिवशी बाहेरगावी गेलेला असतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी आणून शाळेच्या भांडारात ठेवा.